बुदैयाच्या हल्लेखोराचा बंदोबस्त

दार बंद ठेवणे ही सुरक्षेची पहिली पायरी असून, बाहेर अडकलेला माणूस घरचाच निघाला तर तो त्याचा दोष समजावा. याच तत्त्वावर १९९८ साली आखातातल्या एका बेटावर, मनामा शहरातल्या आमच्या कंपनीत सर्व्हर सुरक्षा समिती स्थापन झाली. मी तिचा सचिव. (अध्यक्षांना कॉम्प्युटर सुरू करता येत नसल्याने त्यांच्याकडून कोणताही धोका नव्हता.)

समितीने प्रथम पासवर्ड तपासले. त्रेचाळीसपैकी एकेचाळीस कर्मचाऱ्यांनी पोराबाळांची नावं ठेवली होती. उरलेले दोघे अविवाहित होते. शनिवारी आम्ही सगळे पासवर्ड बदलले आणि तसं प्रत्येकाला ईमेलने कळवलं. (ईमेल उघडायला नवा पासवर्ड लागतो, त्यामुळे बातमी फुटण्याची भीती नव्हती.) ऑफिसातले लोक माझ्या टेबलाशी येऊन नवा पासवर्ड घेऊन गेले. गोदामं लांब पडतात.

रविवारी पहिला हल्ला झाला. बुदैयाच्या गोदामातून कुणीतरी 'रुकय्या' हा रद्द पासवर्ड नऊ वेळा टाकला. आम्ही गोदामाचा नेटवर्कवरचा पत्ता बंद केला. सोमवारी तोच शब्द झिंजमधल्या एका घरातून आला, मंगळवारी मुहर्रकच्या एका दुकानातून. टोळी बेटभर पसरली होती हे उघड होतं. मग आम्ही बेटच बंद केलं. त्यानंतर एकही हल्ला झाला नाही. (गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीही आल्या नाहीत, पण तो विषय विक्री विभागाचा.)

बुधवारी सकाळी हल्लेखोर स्वतःच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गोदाम सांभाळणारे दापोलीचे नजीबभाई, नोकरी सोळा वर्षं. आमच्याकडे रजेचा अर्ज फक्त सर्व्हरवर भरता येतो, आणि तो मंजूर झाल्याशिवाय कंपनीच्या कपाटातून पासपोर्ट मिळत नाही.

"साहेब, शुक्रवारी माझ्या रुकय्याचा निकाह हाय. उद्याचा विमान हाय. पासपोर्ट द्या नि खलास करा."

"तुम्ही नजीबच कशावरून?"

"सोला वर्सां ईदची बिर्याणी कोनाकडं खाताव तुमी?"

त्यांनी रेसिडेंट कार्डही पुढे केलं. पण कार्डावरून माणूस कळतो, टाइप करणारी बोटं कुणाची ते कळत नाही.

समिती निर्दय नाही. मी हमीचा फॉर्म काढला: 'हे नजीबच आहेत. तसे नसल्यास माझाही पासपोर्ट अडकवून ठेवावा.' एक सही पुरे होती. फॉर्म दिवसभर टेबलांवरून फिरला, मागोमाग नजीबभाई फिरले. त्यांच्याच खोलीत राहणारा मुझम्मिल म्हणाला, "वलखतो तर! पन इंशाल्ला, दुसरा कोनी करेल सही." संध्याकाळी फॉर्म कोरा परत आला. मला फार वाईट वाटलं. (इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.)

निकाह शुक्रवारी झाला. बापाने तो फोनवर ऐकला.

अहवालात हल्ले शून्य, यश शंभर टक्के. आपण तिथे असतो तर नक्की सही केली असती, असं आपल्याला वाटत असेल. आम्हा बेचाळीस जणांनाही (मी धरून) फॉर्मचं पहिलं वाक्य वाचताना तसंच वाटलं होतं.