डॉक्टरांनी ट्रकचा अभ्यास केला

शनिवारी सकाळी वृंदा पोह्यांच्या बशा घेऊन आली, तर टेबलावर तीन अमेरिकन पिकअप ट्रक पसरलेले होते. ट्रकचे प्रिंटआउट, त्यांवर पिवळ्या मार्करच्या रेघा आणि शेजारी दोनशे पानी वही.

"अरे, हे काय मांडलंयस?"

"अभ्यास," संजीव मान वर न करता म्हणाला.

डॉक्टर संजीव देवपुजारी नागपूरचे. आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलात तीन वर्षं हाडं जोडत होते आणि शहराबाहेरच्या एका गावात भाड्याच्या घरात बायको आणि नऊ वर्षांच्या ईशानीसह राहत होते. त्या गावात दर ऑगस्टला जुन्या वाहनांचं प्रदर्शन भरायचं. ट्रॅक्टर, मळणीयंत्रं, मोटारी. एकेकाळी अमेरिकेला गेलेली माणसं परत येताना तिकडचे ट्रकही घेऊन आली होती, त्यामुळे 'सर्वांत देखणा अमेरिकन पिकअप' अशीही एक स्पर्धा होती. ट्रक तीनच, पण त्यावरून वाद वर्षभर पुरायचा.

संजीवच्या ओपीडीच्या अपॉइंटमेंट सांभाळणारी नोरीन ही त्या प्रदर्शनाची सेक्रेटरी. तिने एके दिवशी विचारलं, "डॉक्टर, परीक्षक व्हाल का? आम्हाला न्यूट्रल माणूस हवाय. इथे सगळे एकमेकांचे कोणी ना कोणी लागतात."

गावाने आपल्या बुद्धीची दखल घेतली, असं संजीवला वाटलं. बारावीला मेरिट लिस्टमध्ये आलेला माणूस तो. त्याला लग्नात वाढायला उभं केलं असतं, तरी त्याने आधी सिलॅबस मागितला असता. त्याने तीन आठवडे ट्रक वाचून काढले. कुठल्या साली बॉनेट रुंद झालं, कुठल्या साली काच वळली, सगळं वहीत.

कुठला ट्रक कोणाचा, ती यादी मात्र त्या शनिवारी आली. पहिलंच नाव डेक्लन गिलमार्टिन.

"डेक्लन म्हणजे आपला डेक्लन?" वृंदा बशी हातातच ठेवून म्हणाली. "घरमालक?"

"तोच. छप्पन्नची फोर्ड एफ-हंड्रेड आहे त्याची."

वृंदाने बशी थेट फोर्डच्या प्रिंटआउटवर टेकवली. घराचा करार महिनाअखेर संपत होता. डेक्लनची मुलगी ऑस्ट्रेलियाहून परत यायचं म्हणत होती, आणि ती आली तर घर तिला लागणार होतं. 'शो होऊ दे, मग सांगतो,' एवढंच तो म्हणाला होता. अख्ख्या पंचक्रोशीत भाड्याला दोन जागा होत्या आणि त्यांतली एक चाकांवरची कॅराव्हान होती.

"हे बघ, सरळ त्याला कप देऊन टाक. विषय संपला."

"फोर्ड चांगली असेल तर देईन की."

"आणि नसेल तर?"

संजीवने पुन्हा वहीत डोकं घातलं. त्याचं हे डोकं घालणं वृंदाला चौदा वर्षांच्या संसारात पाठ झालं होतं, आणि त्यातून आजवर एकदाही काही बरं निघालं नव्हतं.

"ऐक," ती म्हणाली. डब्लिनच्या गणपतीत तिने दोनदा रांगोळ्यांचं परीक्षण केलं होतं, त्यामुळे या विषयात तिचा शब्द वजनदार होता. "प्रथम क्रमांक दोघांना विभागून आणि उरलेल्याला उत्तेजनार्थ. कोणी रुसत नाही की फुगत नाही. आपल्याकडे हे पूर्वापार चालतं."

संजीवने लगेच नोरीनला फोन लावला. उत्तेजनार्थ म्हणजे काय हे समजावताना त्याची बरीच दमछाक झाली.

"हरलेल्याला हरल्याबद्दल बक्षीस?" नोरीनला ते झेपेना. "आणि विभागून तर अजिबात नको, डॉक्टर. सहा वर्षांपूर्वी एकदा कप तसा दिला होता. ती दोन घरं अजून बोलत नाहीत."

"मग मला यातून मोकळं करा. डेक्लन माझा घरमालक आहे."

"मग दुसरा न्यूट्रल माणूस सांगा. चर्चच्या फादरांना सांगितलं असतं, पण ते जॉनजोचे पुतणे लागतात."

हा जॉनजो म्हणजे तिसरा स्पर्धक. ईशानी एवढा वेळ पोहे चिवडत ऐकत होती. ती म्हणाली, "जॉनजोज ट्रक इज क्लास, बाबा. द ग्रीन वन. ही लेट अस सिट विथ द शीप."

"तू पोहे खा," वृंदा म्हणाली.

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात तिन्ही ट्रक ओळीने उभे होते. डेक्लनची लालभडक फोर्ड, क्रोमची इतकी झिलई की त्यात परीक्षकाला आपला घाबरलेला चेहरा स्पष्ट दिसत होता. शेजारी शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस फीनी यांची साय रंगाची शेव्हरोले, केबिनच्या कोपऱ्यांतसुद्धा काचा बसवलेली. आणि शेवटी जॉनजोची एकोणपन्नासची स्टुडबेकर. तिचा हिरवा रंग उडाला होता, मडगार्डला पोचा होता आणि मागच्या हौद्यात गवत तसंच होतं, कारण सकाळीच तिने मेंढ्या पोचवल्या होत्या.

भोवती गर्दी वाद घालतच होती. फोर्डसारखं कपाळ कोणाचं नाही, असं एक म्हणत होता. त्यावर दुसरा शेव्हरोलेच्या गोल खांद्यांवर हात फिरवून दाखवत होता. संजीव जवळ गेला की मात्र सगळे गप्प व्हायचे आणि हवापाण्याबद्दल बोलायचे.

त्याने एक तास घेतला. खाली वाकला, गुडघ्यांवर बसला, लांब जाऊन पाहिलं. फोर्ड आवडावी म्हणून त्याने जिवाचा आटापिटा केला. आवडतही होती, पण नजर खाली जायची आणि त्या नव्या रुंद चाकांवर अडकायची. स्टुडबेकरपाशी तो परत परत येत राहिला. तिची पायरी दाराच्या आत लपवलेली होती, त्यामुळे पुढच्या दिव्यापासून मागच्या फळीपर्यंत एकच रेघ सरळ वाहत होती. सत्तरपंचाहत्तर वर्षं कामं करून ती रेघ मोडली नव्हती. रोज मोडकी माणसं पाहणाऱ्या संजीवला त्या पोच्याचंही काही वाटेना, उलट तो शोभून दिसायला लागला. मनात ठरून गेलं आणि मग त्याला घर जाण्याची भीती वाटली. ईशानीने तिच्या खोलीची भिंत नुकतीच स्वतः रंगवली होती.

माइक हातात आला तेव्हाही त्याला नाव बदलता आलं असतं.

"स्टुडबेकर," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. डेक्लननेही वाजवल्या, चक्क हसत. गर्दीत उभ्या वृंदाला त्या हसण्याचीच जास्त धास्ती वाटली.

रविवारी दुपारी डेक्लन फोर्ड घेऊन दारात हजर. हातात कागद. चहा पुढे आला, बिस्किटं आली, हवेबद्दल बोलून झालं.

"मुलगी काही येत नाही," तो म्हणाला. "तिकडेच रमलीय. तेव्हा दोन वर्षांचा करार करून टाकू."

वृंदाने डोळे मिटून गजाननमहाराजांचे आभार मानले. संजीव चाचरत म्हणाला, "कालच्या निकालाचं काही..."

"छे हो! मनाला लावून घेऊ नका." डेक्लनने पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही बाहेरचे. ट्रकमधलं तुम्हाला काय कळणार? म्हणून तर तुम्हाला बोलावलं. इथल्या कोणी जॉनजोला कप दिला असता तर मी त्याच्याशी जन्मात बोललो नसतो. तुमचा निकाल कोणीच मनावर घ्यायचा नाही, हे आधीच ठरलेलं. ग्रँड काम केलंत."

घर वाचलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं. संजीवने बिस्कीट उचललं आणि परत बशीत ठेवलं.

"मी तीन आठवडे अभ्यास केला होता," तो म्हणाला.

वृंदाने टेबलाखालून लाथ मारली.

"छप्पन्नच्या फोर्डची समोरची काच पहिल्यांदा बाजूला वळली. त्या ट्रकची सगळी शान तिथे, वर आहे. आणि तुम्ही खाली ही असली रुंद चाकं बसवलीत. काचेकडे बघतंय कोण? चांगल्या ट्रकची वाट लावलीत तुम्ही."

डेक्लनने पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं. त्याचे कान हळूहळू फोर्डच्या रंगाचे झाले.

"वाट लावली? मी? आणि तो मेंढ्यांचा डबा देखणा?"

"डबा नाही तो. त्याची बाजूची रेघ बघा एकदा."

"रेघ गेली खड्ड्यात! चल बाहेर. गाडीपाशी उभं राहून बोल हे!"

दोघं बाहेर गेले. वृंदा खिडकीतून बघत होती आणि मनातल्या मनात कपाटातली भांडी खोक्यांत भरत होती. डेक्लन मडगार्डवर थापा मारत होता. संजीव वही उघडून बोट दाखवत होता. रस्त्याने चाललेल्या मिसेस फीनी थांबल्या, आपल्या शेव्हरोलेबद्दल चार शब्द टाकले आणि दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. पाऊण तास आवाज चढत राहिला. तीन वर्षांत संजीवशी या गावात सगळे गोड बोलले होते, भांडलं मात्र कोणी नव्हतं. त्याला घशाला कोरड पडेपर्यंत बरं वाटत होतं.

शेवटी डेक्लन चाकाशेजारी उकिडवा बसला, बराच वेळ बघत राहिला आणि काहीतरी पुटपुटत उठला. त्याने फोर्डच्या बॉनेटवर कागद पसरला, सही ठोकली आणि पेन संजीवच्या हातात दिलं.

"दोन वर्षं. तेवढ्यात मूळ चाकं शोधतो. बसवली की तूच समोर येऊन सांगायचंस, कशी दिसते ते."

संजीवने सही केली. खिडकीत वृंदाने मनातली भांडी परत कपाटात लावायला घेतली.

"आणि हो," गाडीत बसता बसता डेक्लन म्हणाला, "पुढच्या वर्षी परीक्षक तू नाहीस. नोरीनला आजच सांगतो, दुसरा कोणीतरी शोध म्हणून."

"का?" संजीवचा चेहरा पडला. "आता तर माझा सगळा अभ्यास झालाय!"

"म्हणूनच," डेक्लन म्हणाला आणि त्याने फोर्ड चालू केली.