तज्ज्ञांनी बसवलेली दुर्बीण

“त्यात काय एवढं? दोन कड्या, चार स्क्रू आणि वर एक दुर्बीण! हातचा मळ आहे माझ्या!”

रविवारी सकाळी सकाळी तज्ज्ञांनी ही घोषणा केली आणि जेवणाच्या टेबलावर बायकोची रायफल आडवी घातली.

तज्ज्ञ हे काही त्यांचं नाव नव्हे बरं का! विम्याच्या कचेरीत ते साहेब होते. पण कुठेही काही बिघडलं की मदतीला धावून जायचे आणि बिघाड दुप्पट करून परत यायचे, म्हणून लोक त्यांना पाठीमागे तज्ज्ञ म्हणत. एकदा ते त्यांच्या कानावर गेलं. बिचारे दोन दिवस हवेत होते! त्यांना वाटलं, चला, उशिरा का होईना, लोकांनी ओळखलं.

रायफल होती छोट्या गोळीची, पॉइंट टू-टू. औषधांच्या दुकानातलं काम सांभाळून तज्ज्ञांची बायको दर आठवड्याला नेमबाजीच्या क्लबात जायची. क्लबात सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. तर वहिनींचा हात असा स्थिर, की बघत राहावं. पण मेली चाळिशी लागली! नळीच्या टोकावरची माशी धूसर दिसायला लागली, आणि माशीच दिसेना तर नेम धरायचा कशावर? म्हणून ही दुर्बीण आणली. त्यात क्लबाच्या संघातली एकच जागा रिकामी होती आणि निवड आजच होती. यंदाही हुकली तर रायफल विकून टाकायची, असं वहिनींनी ठरवलं होतं. बोलल्या नव्हत्या कोणाला, पण ठरवलं होतं.

“अहो, खोक्यात पत्रक आहे. आधी वाचू या ना.”

“पत्रक? अगं, पत्रकं कोणासाठी असतात? ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी!”

“आणि ही कडी तिरकी बसलीय.”

“तेवढी तिरकी लागतेच. तू चहा ठेव बरं!”

वहिनींनी चहा ठेवला आणि पत्रक गुपचूप पर्समध्ये टाकलं. इतक्या वर्षांच्या संसारात माणूस एवढं तर शिकतोच.

क्लबात पोचले तेव्हा पहिली तुकडी सतरंज्यांवर पालथी पडून गोळ्या झाडत होती. समोर पन्नास मीटरवर लाकडी चौकटीत निशाण्याचे कागद लावलेले, दोन कागदांमध्ये जेमतेम हातभर अंतर. क्लबाचा एक रिवाज होता: एखादी सतरंजी रिकामी असेल तर दुसऱ्या तुकडीतल्याने तिथे आपली दुर्बीण जुळवून घ्यावी. वहिनी आत नाव नोंदवायला रांगेत उभ्या राहिल्या.

“तू ये सावकाश. तोवर मी दुर्बीण जुळवून ठेवतो!” म्हणत तज्ज्ञ रिकाम्या सतरंजीवर पालथे झाले.

त्यांच्या उजव्या हाताला, भिंतीला लागून शेवटच्या सतरंजीवर होते हेडमास्तर. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. शंभरात सत्तरच्या वर ते कधी गेले नव्हते, कारण चष्मा लावायचा नाही हा त्यांचा बाणा! कागद पांढरा दिसतो, एवढ्यावर ते समाधानी असत. पण संघातल्या रिकाम्या जागेवर डोळा त्यांचाही होता.

तज्ज्ञांनी पहिली गोळी झाडली. भोक पडलं कागदाच्या पार उजव्या कडेला!

आता दुर्बिणीला बाजूला एक गोल बटण असतं. त्यावर बाण असतो. ज्या बाजूला बाण, त्या बाजूला गोळी सरकते. पत्रकात पहिल्याच पानावर चित्र काढून सांगितलेलं. पण तज्ज्ञांनी स्वतःचं डोकं चालवलं. ‘बाण म्हणजे दुर्बिणीतल्या फुलीचा! गोळी उजवीकडे गेलीय ना? मग फुली उजवीकडे न्या, की झालं!’ आणि बटण उजव्या बाणाच्या दिशेने फिरवलं.

दुसरी गोळी. भोक गायब!

“वारा!” तज्ज्ञ पुटपुटले. झाडाचं पान हलत नव्हतं.

बटण आणखी फिरवलं, त्याच दिशेने. तिसरी गोळी. भोक नाही! मग गोळ्यांना शिव्या घातल्या, सतरंजीला घातल्या, बटण करकर फिरवलं आणि धाड धाड धाड सहा गोळ्या घातल्या. त्यांचा कागद नव्या नवरीसारखा लाजून कोरा तो कोराच!

तेवढ्यात वहिनी आल्या. “काय झालं हो?”

“दुर्बीण सदोष आहे! कंपनीला पत्र लिहितो! आणि हा कागद...” असं म्हणत तज्ज्ञांनी तो कागद लगबगीने घडी करून खिशात घातला आणि तरातरा चहाच्या टपरीकडे गेले.

वहिनींनी पर्समधून पत्रक काढलं, पेचकस काढला, तिरकी कडी सरळ केली, सरावाच्या चार गोळ्यांत दुर्बीण जुळवली आणि आपली पाळी आल्यावर शांतपणे दहा गोळ्या झाडल्या. शंभरापैकी एक्क्याण्णव! वहिनींचे डोळे भरून आले. एवढे गुण त्यांना जन्मात मिळाले नव्हते.

इकडे क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे गावातले दातांचे डॉक्टर, हेडमास्तरांचा कागद धरून चक्रावून उभे होते. दहा गोळ्या आणि सोळा भोकं!

“मास्तर, हे कसं?”

“भोकं मोजणं तुमचं काम,” हेडमास्तर रुबाबात म्हणाले. “पाडणं माझं!”

“नाही, पण जास्तीच्या गोळ्या कोणाच्या? साहेब, तुम्ही शेजारी होतात ना?”

तज्ज्ञांच्या घशात चहा अडकला. सोळातली सहा भोकं ऐन मधोमध, एकमेकांना चिकटून! क्षणात सगळा उलगडा झाला. पण सगळ्यांचे डोळे आपल्यावर लागलेले पाहून तोंडातून भलतंच निघालं. “माझ्या? छे! माझ्या गोळ्या माझ्याच कागदावर!”

नियम होता: जास्तीच्या भोकांचा धनी सापडला नाही, तर त्यातली उत्तम दहा धरायची. दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा नेमबाजाला नको! अध्यक्षांनी बेरीज केली. हेडमास्तर, ब्याण्णव!

टाळ्या पडल्या. वहिनी हसल्या, टाळ्याही वाजवल्या आणि रायफल पेटीत ठेवायला लागल्या. ठेवताना त्यांनी नळीवरून एकदा हात फिरवला, जसा माहेरून निघताना माणूस उंबऱ्यावरून फिरवतो. ते तज्ज्ञांनी पाहिलं आणि हातातला कप खाली ठेवला. आपला माणूस वाईट नव्हता हो! फक्त चुकलो म्हणायची सवय नव्हती.

“अध्यक्ष, थांबा!” ते ओरडले. “त्या गोळ्या माझ्या! मी... मी चुकलो!”

अध्यक्ष जवळ आले, त्यांनी तज्ज्ञांच्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब, बायकोसाठी एवढा त्याग! पण असं खोटं बोलून जागा देता येत नाही हो.”

“अहो, खरंच चुकलो!”

“हातभर? साहेब, हातभर कोणी चुकतं का? कागद दाखवा तुमचा.”

तज्ज्ञांनी खिशातून कागद काढला. कडेला एक भोक, बाकी कोरा.

“हा कागद आजचाच कशावरून?” हेडमास्तर कडाडले. “सिद्ध करा!”

दोन्ही चौकटींत नवे कागद लागले. तज्ज्ञ वहिनींचीच रायफल घेऊन पालथे झाले. आयुष्यात पहिल्यांदा नेम चुकावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती. झाडली! ऐन मधोमध. दुसरी? मधोमध! तिसरी? पहिल्या भोकातून आरपार!

“वा वा! साहेब, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!” अध्यक्षांनी टाळी दिली. “संघातली जागा खरं तर तुम्हालाच...”

तज्ज्ञ रडकुंडीला आले. आता कोणाच्या पाया पडावं?

“अध्यक्ष,” वहिनी पुढे झाल्या, “ही दुर्बीण मी जुळवलीय. आता कोणीही झाडली तरी लागणार. ती काढा, यांना पुन्हा बसवू द्या. सगळ्यांसमोर.”

अध्यक्षांनी मान डोलावली. तज्ज्ञांनी घामाघूम होत स्क्रू सोडले. वहिनी कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “मुद्दाम चुकायला जाऊ नका हं. नेहमीसारखं मनापासून करा.”

तज्ज्ञांनी मनापासून केलं. कडी तिरकी बसली. पहिली गोळी कागदाच्या उजव्या कडेला. “हं, म्हणजे फुली उजवीकडे...” ते स्वतःशीच बोलले आणि बटण फिरवलं. दुसरी गोळी कागदाबाहेर. “अजून थोडं...” पुन्हा फिरवलं, करकर करकर. तिसरी गोळी? हेडमास्तरांच्या कागदावर, ऐन मधोमध!

क्लब टाळ्यांनी दणाणला. कोणी शिट्टी मारली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. तज्ज्ञ सतरंजीवरच उठून बसले आणि चक्क मान लववून टाळ्या स्वीकारू लागले.

हेडमास्तरांना पुन्हा दहा गोळ्या मिळाल्या. अडुसष्ट! संघातली जागा वहिनींची झाली. हेडमास्तर तज्ज्ञांना बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, राग नाही. फक्त पुढच्या निवडीला माझ्याच शेजारची सतरंजी घ्या.”

गाडीपाशी आल्यावर वहिनी थांबल्या.

“अहो, आज सगळ्यांसमोर चुकलो म्हणालात. माझ्यासाठी. मला फार बरं वाटलं.”

तज्ज्ञांची छाती फुगली. “मग! नवरा कोणाचा आहे? आणि तू काळजी करू नकोस, ती दुर्बीण आता पुन्हा वाकडी झालीय ना, घरी गेल्या गेल्या मी स्वतः...”

वहिनींनी रायफलची पेटी मागच्या सीटवर ठेवली, दार लावलं आणि गोड आवाजात म्हणाल्या, “तुम्ही गाडी चालवा.”