सोपानआबांची फुकटची छत्री

सोपानआबा रोज संध्याकाळी सात वाजता धुतलेली टोपी घालतात, शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावतात आणि टीव्हीसमोर ताठ बसून कानडी बातम्या बघतात. यात वावगं काही नाही. फक्त आबांना कानडी येत नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. माणूस अस्सल मावळचा. जन्म पवनानगरकडचा, नोकरी देहूरोडच्या डेपोत, आणि बायको गेल्यापासून इथे लोणावळ्यात एकटेच. पण गोकाकला आज पाऊस पडला की नाही, हे आबांना पक्कं ठाऊक असतं. लोणावळ्यात पडतोय हे मात्र त्यांना मी सांगावं लागतं.

हा सगळा प्रताप त्यांच्या गच्चीवरच्या छत्रीचा. सरकारी, मोफत. रिचार्ज नाही की काही नाही, तरी देशातल्या झाडून सगळ्या राज्यांची सरकारी चॅनलं तिच्यात येऊन पडतात. "फुकाट हाय गुरुजी, पर गोड हाय!" हे आबांचं ठरलेलं वाक्य. रेशनचे गहू, दवाखान्यातल्या गोळ्या, हिवाळ्यातलं ऊन, सगळ्याला तेच.

खरं सांगू? माझा जळफळाट होतो. माझ्याकडे भिंतभर टीव्ही आहे. मुलानं आणून बसवला. "बाबा, यात जगातलं सगळं दिसतं," म्हणाला. असेल. पण तो सुरू करायला दोन रिमोट आणि एक पासवर्ड लागतो, आणि त्यातलं एक ना एक हरवलेलंच असतं. त्यामुळे आळीतल्या बायका संध्याकाळी आबांकडे. त्यांच्या त्या ठेंगण्या डब्यासमोर बसून गुजराती गरबा बघतील, पंजाबी स्वयंपाक बघतील, पण माझ्याकडे कुत्रं फिरकेल तर शपथ.

आणि त्यात आमची ही! वारं सुटलं, ढग उतरले, माकडं नाचली की छत्री हलते. मग आबा गच्चीवर चढून ती फिरवतात आणि वरून ओरडतात, "बाई, आलं का?" की हिनं धावत त्यांच्या टीव्हीपुढे जाऊन ओरडायचं, "नाही आलं! आलं! अहो गेलं!" चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या पहिल्या हाकेला हिनं ओ दिल्याचं मला आठवत नाही. आबांच्या हाकेला मात्र पोळी तव्यावर टाकून पळते. ती पोळी मग मी खातो.

एकदा मी खवचटपणे विचारलंच, "आबा, कळतं तरी का काही त्यातलं?"

"कळतंय की हळूहळू," आबा म्हणाले. "पयलं नुस्ता नमस्कार कळायचा. आता पाऊसबी कळतो."

आता माझं पाप सांगतो. गेल्या महिन्यातली गोष्ट. गुरुवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. (हल्ली हेही माझ्याकडे आलंय.) एक दांडगा हुप्प्या आला आणि आबांच्या छत्रीला लोंबकळला. चांगले दोन-चार झोके घेतले त्यानं. छत्रीचं तोंड भलतीकडे. माझ्या हातात काठी होती. एकदा आपटली असती तरी पळाला असता. मी नाही आपटली. उलट मनात म्हटलं, घे बाबा, आणखी एक झोका घे. सांगायला लाज वाटते, पण जीव कसा थंड झाला.

संध्याकाळी सहापासून सुरू. "बाई, आलं का?" "नाही आलं!" "आता?" "नाही हो आबा!" सात वाजले, सव्वासात वाजले. माझ्या चहाचा पत्ता नाही. शेवटी तणतणत आबांकडे गेलो.

"आज चहा मिळणार आहे का या घरात?"

"गप्प बसा हो," ही टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली. "आज गुरुवार आहे."

"मग? आबांचा उपास आहे?"

तेव्हा हिनं सांगितलं. आबांची एकुलती एक मुलगी मंगल गोकाकला दिली होती आणि ती गेली, एवढं मला माहीत होतं. तिची लक्ष्मी तेव्हा दोन वर्षांची. आता आठ वर्षांची झालीय, तिकडच्या आजीच्या हाताखाली वाढतेय आणि घर सगळं कानडी. तिकडे हद्दीवर आपलं मराठी चॅनलही दिसतं म्हणे, पण त्या घरात ते लावणार कोण? म्हणून आबांनी इकडे त्यांचं लावलं. दर गुरुवारी बातम्या संपल्या की जावई व्हिडिओ कॉल लावून देतो. पोरीनं तिकडे बघितलेलं आबांनी इकडे बघितलेलं असतं.

"तेवढंच आहे हो दोघांत," ही म्हणाली. "आज दिसलंच नाही, तर म्हातारा बोलणार काय तिच्याशी?"

माझ्या डोळ्यांपुढे तो हुप्प्या आला. मी तडक गच्चीवर गेलो. आबा पाना घेऊन छत्रीचे बोल्ट पिळत होते.

"तुमी कशाला आलात गुरुजी? शेवाळ हाय, घसराल!"

"आबा, सोडा. मी धरतो."

आता गंमत बघा. रोज त्या छत्रीकडे बघून मी जळायचो, त्यामुळे तिचं तोंड नेमकं कुठे असतं, हे साऱ्या आळीत माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. आमच्या पाण्याच्या टाकीची उजवी कड. तिकडे फिरवली, जरा वर उचलली.

"आलं!" खालून ही किंचाळली. "आबा, आलं! हलवू नका!"

आम्ही खाली उतरलो तोवर बातम्या संपत आल्या होत्या. आबांनी टोपी सारखी केली. फोन वाजला, त्यात दोन वेण्या दिसल्या. आबा ताठ झाले आणि अगदी निवेदकाच्या सुरात म्हणाले, "नमस्कार. वार्तेगळिगे स्वागत."

म्हणजे बातम्यांत आपलं स्वागत. बातम्यांमधूनच शिकलेलं कानडी ते, दुसरं काय येणार! पोरगी खो खो हसली. मग आबांनी गोकाकच्या पावसाची चौकशी केली. तिनं भडाभडा काहीतरी सांगितलं. आबांना त्यातलं किती कळलं देव जाणे, पण प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"अज्जा, ऊट आयता?" तिनं विचारलं. जेवलास का, एवढं मलाही कळलं.

"आयतु," आबा म्हणाले. धडधडीत खोटं. घरात चूल पेटली नव्हती.

तिथे आबांचं कानडी संपलं. मग त्यांनी फोन टीव्हीसमोर धरला. तिकडे तिनंही तेच केलं. दोन्हीकडे एकच बाई एकच गाणं म्हणत होती. आजा आणि नात ऐकत राहिले. फोन ठेवायची घाई कोणालाच नव्हती.

मी घरी आलो. आजवर कधी जळलो नव्हतो एवढा त्या वेळी जळत होतो.

आमचा मुलगा तळेगावात राहतो, लोकलनं अर्ध्या तासावर. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. त्याचंही मराठी उत्तम आहे. दर रविवारी त्याचा फोन येतो. "जेवलात?" "हो." "बरंय, ठेवतो."

मी आपणहून फोन लावला.

"काय झालं बाबा?" तो घाबरलाच.

"काही नाही. जेवलास?"

"हो."

आता तो 'ठेवतो' म्हणणार, हे मला कळत होतं.

"अरे, तुझ्याकडे टीव्हीवर काय लागलंय?"

"मॅच चालू आहे. का?"

"थांब. ठेवू नकोस," मी म्हणालो आणि एका हातानं रिमोट शोधत भिंतीपलीकडे ओरडलो, "अगं, ये लवकर! आपल्याकडे आलं का बघ!"