डाय कोण हलवतं?

सलग तिसऱ्या संध्याकाळी ड्वेन हातातल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी पुंगळीकडे बघत बसला. काल त्याने काडतुसं भरायच्या प्रेसवर डाय, म्हणजे पुंगळीला आकार देणारा साचा, अशी बसवली होती, की पुंगळीचं तोंड जेमतेम केसभर रुंदावं आणि ओतीव शिशाची गोळी त्यात अलगद बसावी. आज तेच तोंड कर्ण्यासारखं पसरलं होतं. परवा उलटा प्रकार: तोंड इतकं अरुंद, की आत जाताना गोळीचं शिसं बटाट्याच्या सालीसारखं सोलून निघालं.

"मार्ला, या घरात कुणीतरी येतं!" तो धुण्याच्या खोलीतून ओरडला.

"हळू! ईली आत्ता झोपलाय. कोण येतं?"

"तुझा भाऊ. कुत्र्याला खायला घालायला म्हणून किल्ली दिली होती ना आपण!"

"ऑरिन बोलावल्याशिवाय स्वतःच्या घरीसुद्धा जेवायला जात नाही. तो इथे येऊन स्क्रू फिरवणार?"

पण ड्वेनच्या संशयाला कारण होतं. सासरा हँक वारताना आपलं रिव्हॉल्व्हर आणि एक अट मागे ठेवून गेला होता. दर मे महिन्यात, गावच्या नेमबाजीच्या सहलीत, याच रिव्हॉल्व्हरने घरातल्यांनी चुरस करायची, काडतुसं घरी भरलेली हवीत. जिंकेल त्याच्या भिंतीवर ते वर्षभर राहील. जो सलग चार वर्षं जिंकेल, त्याचं ते कायमचं. ऑरिन तीन वर्षं जिंकला होता. चौथी फेरी येत्या शनिवारी होती.

ड्वेनने प्रेस आणि डाय यांच्यावरून एकच सरळ रेघ पेनने ओढली. उद्या रेघ तुटलेली दिसली की चोर पकडला! दुसऱ्या दिवशी रेघच नव्हती. बाळ झाल्यापासून मार्ला शिशाच्या धास्तीने त्या खोलीतली प्रत्येक वस्तू ओल्या फडक्याने पुसत असे.

मग त्याने पुसली न जाणारी खूण केली.

"माझी लाल नेलपॉलिशची बाटली कुठंय?" मार्लाने विचारलं.

"तपासात आहे," ड्वेन म्हणाला.

बुधवारी लाल रेघेचा वरचा तुकडा खालच्यापासून बोटभर डावीकडे सरकलेला होता. ड्वेनने घरातले सगळे दिवे लावले.

"तुझे वडील असतील का?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"तुझं काम त्यांना आवडायचं नाही, हे खरंय. पण मेल्यावर एवढी मेहनत ते कशाला घेतील?"

गुरुवारी दुपारी ड्वेन लाकडाच्या वखारीतून पोटदुखीचं निमित्त सांगून निघाला. गाडी कोपऱ्यावर उभी केली, बूट पायरीवर काढले, अंगणातलं फावडं उचललं आणि मोज्यांवर घरात शिरला. धुण्याच्या खोलीतून आवाज येत होता. खट-टक. खट-टक. त्याने एका लाथेत दार उघडलं.

प्रेससमोर मार्ला दांडा ओढत उभी होती.

"गप्प!" ती कुजबुजली. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा."

प्रेसचं टेबल ज्या भिंतीला ठोकलेलं होतं, तिच्या पलीकडेच ईलीचा पाळणा होता. महिनाभर तो दुपारी फक्त या ठेक्यावर झोपत होता. अंगाई, गाडीतून फेरी, आजीचा बडीशेपेचा काढा, सगळं करून झालं होतं.

"म्हणजे डाय तू हलवतेस?"

"बाबांच्या हिशेबाने बसवते. तुझी फार खाली उतरते, नाहीतर फार वर राहते. नुसता रिकामा दांडा ओढायचा तर माझ्या जिवावर येतं, म्हटलं, हात चालतोच आहे तर काडतुसं भरावीत."

तिने कपाटातून डबा काढला. आत पन्नास काडतुसं, एकासारखं एक.

"आणि मग परत बिघडवतेस कशाला?"

"तुझं मन मोडू नये म्हणून. तुझ्या जागेवर नेऊन ठेवते रे! पण तुझी चूक नेमकी किती होती, ते रोज बरोबर आठवत नाही."

ड्वेनने फावडं भिंतीला टेकवलं. मग हात हळूच डब्याकडे नेला. तिने डबा मागे ओढला.

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपण झाडायचं नाही. बाबांचा पहिला नियम."

"मग शनिवारी?"

"शनिवारी ईलीला तू धर."

"तू उतरणार? मग आधी कधी बोलली का नाहीस?"

"आधी कुणी विचारलं होतं?"

शनिवारी ऑरिन मोठ्याने हसला. "काय ड्वेन, बायकोला पुढे केलंस?"

"माझे हात रिकामे दिसतायत का तुला?" ड्वेन म्हणाला. त्याच्या कडेवर ईली होता, बारांचा आवाज अडवणारे, डोक्याहून मोठे कानझाक लावलेला.

"नियम मुलगा-जावयासाठी होता," ऑरिन पुटपुटला.

"नियमात 'घरातले' म्हटलंय," मार्ला म्हणाली. "मी कुठली? पोस्टातली?"

चोवीस बारांत ऑरिनने नेमाचे एकवीस लोखंडी पत्रे पाडले. मार्लाने तेवीस. शेवटचा हुकला, कारण नेमका तेव्हाच ईली हसला आणि तिने वळून पाहिलं.

रविवारी दुपारी रिव्हॉल्व्हर भिंतीवर होतं आणि त्याच्याखाली सोफ्यावर मार्ला झोपली होती, किती महिन्यांनी, भर दिवसा, तोंड उघडं टाकून. पाळण्यात ईलीने सूर लावला. ड्वेन धावत प्रेसपाशी गेला. डाय जागेवर धरणारी रिंग दोन पान्यांनी आवळलेली होती. वर नवी लाल रेघ, आणि खाली टेबलावर त्याच लाल रंगात दोन शब्द: 'फक्त दांडा.'

त्याने दांडा ओढला. खट-टक. खट-टक. भिंतीपलीकडचं रडणं मुसमुसण्यावर आलं, मग थांबलं.

ड्वेनने डायकडे नीट निरखून पाहिलं. केसभर खाली हवी होती, असं त्याचं अजूनही मत होतं. त्याने डावा हात खिशात घातला आणि उजव्याने दांडा ओढत राहिला.