चार-दहाचे गिअर

डेल्मर स्टकीच्या घरात पंधरा दिवस एकाच प्रश्नावर वाद चालला होता. लेकीच्या, कॉरिनच्या लग्नाचा मेनू ठरला होता, चर्च ठरलं होतं, फुलंसुद्धा ठरली होती. ठरत नव्हते ते गाडीच्या मागच्या आसाचे गिअर.

गाडी म्हणजे १९६९ ची हिरवी पॉन्टिअ‍ॅक. गावातल्या शाळेची पिवळी बस चालवून उरलेला सगळा वेळ डेल्मरने सहा वर्षं त्या गाडीवर घातला होता. तिच्या मागच्या आसात दोन-त्र्याहत्तरचे गिअर होते. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला आतला दांडा पावणेतीन वेळा फिरे. गाडी उठायची जरा सावकाश, पण एकदा हमरस्त्याला लागली की मांजरासारखी गुरगुरत जायची. तेवढ्यात त्याचा मित्र रोली फेंटन कुठूनसा चार-दहाचा जोड घेऊन आला.

"चाकाच्या एका फेऱ्याला चार फेरे!" रोली म्हणाला. "नवरा-नवरी गाडीत बसली, तू पाय दाबलास, की चर्चच्या दारातून गाडी अशी झेपावेल की पाद्रीबुवांची टोपी उडेल."

"पोरीला सासरी पाठवायचंय की चंद्रावर?" डेल्मरची बायको आर्लीन स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि लग्नाचं चर्च कोलंबसला आहे, ब्याण्णव मैलांवर. एवढी बोंब मारणाऱ्या गाडीत माणसानं बोलायचं कसं?"

डेल्मरला दोघांचंही पटत होतं, ही त्याची जन्माची अडचण होती. पण आर्लीन मदतीसाठी दोन दिवस आधी कोलंबसला लेकीकडे गेली आणि रोली इथेच राहिला. असे वाद शेवटी जवळ असणाऱ्याच्या बाजूने सुटतात. शुक्रवारी दुपारी गाडी ठोकळ्यांवर चढली आणि संध्याकाळी चार-दहाचे गिअर घेऊन खाली उतरली. डेल्मरने तिला गल्लीतून एक चक्कर मारली. सिग्नलवरून ती जी सुटली, त्याने शेजारचं कुत्रं कुंपणाखाली शिरलं ते जेवणाच्या वेळीच बाहेर आलं.

शनिवारी दुपारी एकला लग्न होतं आणि डेल्मरवर एक जोखमीची कामगिरी होती, ती म्हणजे नवऱ्या मुलाच्या आजीला घेऊन येण्याची.

ही आजी म्हणजे हिल्ड्रेथ लोमन. वय अठ्ठ्याहत्तर. तिने गावाच्या शाळेत एकोणचाळीस वर्षं गणित शिकवलं होतं. नोलन या नातवाला तिनेच वाढवलं होतं, आणि आजी पहिल्या बाकावर बसल्याशिवाय आपण लग्नाला उभं राहणार नाही, असं त्याने सांगून ठेवलं होतं. बाईंना मात्र हे लग्न फारसं पसंत नव्हतं. मुलीबद्दल तक्रार नव्हती, मुलीच्या बापाबद्दल होती. १९५७ साली डेल्मर त्यांच्या वर्गात अपूर्णांकांत दोनदा नापास झाला होता, आणि ज्याला अपूर्णांक येत नाहीत त्याचं कशातच खरं नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

बरोबर अकराला बाई टोपी सावरत गाडीत बसल्या.

"डेल्मर, ही ती शर्यतीची गाडी ना?"

"नाही हो बाई. साधी गाडी आहे."

"हमरस्त्यावर पासष्टची मर्यादा आहे. सहासष्ट झालेलं मला दिसलं, तर मी उतरून चालत जाईन."

"काटा तुमच्यासमोरच आहे, बाई. तुम्हीच लक्ष ठेवा."

बाईंनी चष्मा लावला आणि खरोखरच लक्ष ठेवलं.

हमरस्त्याला लागल्यावर डेल्मरने काटा पासष्टवर आणला आणि कान टवकारले. चार-दहाचे गिअर किंचाळतात म्हणतात; कुठे काय? इंजिन अगदी पूर्वीसारखंच गुरगुरत होतं. आर्लीन उगाच घाबरत होती. गावात चित्त्याची झेप आणि हमरस्त्यावर मांजराची चाल, दोन्ही एकाच गाडीत! एवढा बिनतोड निर्णय आपल्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच झाला, असं वाटून तो शीळ घालू लागला.

"शीळ नको," बाई म्हणाल्या. "आता मला सांग. तुझ्या मुलीला हिशेब ठेवता येतो का?"

चौकशी सुरू झाली. कॉरिनला स्वयंपाक येतो का, चर्चला जाते का, पहिली नोकरी का सोडली. डेल्मर उत्तरं देत होता आणि मालट्रक त्याला मागे टाकून जात होते. आधी एक गेला, मग तीन. मग मागे होडी बांधलेली एक खटारा गाडी गेली. तिचा चालक वळून त्याच्याकडे बघत होता.

"काय हे लोक!" डेल्मर म्हणाला. "ऐंशीच्या खाली कोणी चालवतच नाही आजकाल."

"तू लक्ष देऊ नकोस. काटा पासष्टवर आहे. आपण बरोबर आहोत," बाई पहिल्यांदाच त्याच्या बाजूने बोलल्या.

थोड्या वेळाने एक लांबलचक काळी गाडी अदबीने बाजूने निघून गेली. मागच्या काचेतून फुलांनी झाकलेली शवपेटी दिसत होती.

बाई बराच वेळ तिकडे बघत राहिल्या. "डेल्मर, तो मेलेला माणूससुद्धा आपल्या पुढे गेला."

"त्यांना वेळ दिलेली असेल, बाई."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि रस्त्याकडेचे मैलांचे फलक मोजू लागल्या. एक गेला. दुसरा गेला.

"या मैलाला चौऱ्याऐंशी सेकंद लागले. पासष्टच्या वेगाला पंचावन्न लागायला हवेत."

"फलक चुकीचे रोवले असतील. सरकारी काम."

"सगळेच?"

डेल्मरने काट्याच्या काचेवर टिचकी मारली. तेवढ्यात आरशात निळे दिवे चमकले.

गाडी कडेला घेतली. टोपीखाली घट्ट अंबाडा घातलेली एक तरुण पोलीस अधिकारी खिडकीशी आली आणि वाकून त्याचा श्वास हुंगू लागली.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत आहे. का?"

"किती वेगानं चालला होतात, माहितीये?"

"पासष्ट. शपथेवर सांगतो. या बाई साक्षीदार आहेत."

"मी साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या. "काटा पासष्टवरून हललेला नाही."

"त्रेचाळीस," अधिकारी म्हणाली. "मागे मैलभर रांग लागलीय. लोक म्हणतायत, एका झकास गाडीत एक म्हातारा झोपी गेलाय."

डेल्मरने काट्याकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे, मग आकाशाकडे. आणि एकदम त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेगाचा काटा फिरतो तो गिअरबॉक्समधल्या करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या चाकावर. आसाचे गिअर बदलले की ते चाकही बदलावं लागतं. ते त्यालाही माहीत होतं आणि रोलीलाही. आणि काल संध्याकाळी दोघंही झेप बघण्यात दंग होते. गुरगुर पूर्वीसारखी का, तेही कळलं. चार-दहाचे गिअर किंचाळत नव्हते, कारण गाडी पळतच नव्हती.

त्याने अडखळत सगळं सांगितलं. घड्याळात बारा वाजून आठ मिनिटं झाली होती आणि कोलंबस अजून एकोणपन्नास मैल होतं. चर्चमध्ये नोलन उभा राहणार नव्हता, कॉरिन गाऊन घालून आतल्या खोलीत बसून राहणार होती. डेल्मरचा चेहरा पडला.

"माझं चुकलं, बाई. तुम्ही म्हणत होता तेच खरं. माझ्या हातून एक काम धड होत नाही."

बाईंनी पर्समधून लग्नपत्रिका काढली, पालथी केली आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"रडायचं नंतर. चार पूर्णांक दहाला दोन पूर्णांक त्र्याहत्तरनं भाग."

"आत्ता?"

"मग काय चर्चमध्ये? भाग!"

महामार्गाच्या कडेला, बाजूने मालट्रक सणसणत असताना, चोपन्न वर्षांच्या डेल्मरने भागाकार मांडला. पोलीस अधिकारीही खिडकीतून डोकावून बघत होती. एकदा हातचा चुकला. बाईंनी नुसता घसा खाकरला, तशी त्याने तो सुधारला.

"दीड येतंय, बाई. जवळजवळ दीड."

"काटा खऱ्याच्या दीडपट दाखवतो. मग खरे पासष्ट हवे असतील तर काटा कुठे हवा?"

"पासष्टाची दीडपट..." डेल्मर बोटं मोजत म्हणाला, "साडेसत्त्याण्णव!"

"मग बसलायस काय? आण साडेसत्त्याण्णववर!"

त्या तरुणीने दंडाची चिठ्ठी फाडलीच नाही. "मी थोडं अंतर मागं राहते," ती म्हणाली. "पासष्ट ओलांडलंत तर दिवा लावीन."

डेल्मरने पाय दाबला. काटा सत्तर, ऐंशी, नव्वद असा चढत गेला आणि पॉन्टिअ‍ॅकने तोंड उघडलं. दारं थरथरली, काचा वाजू लागल्या. बाईंची टोपी हलू लागली, ती त्यांनी दोन्ही हातांनी धरली. मग एक हात सोडला. मग दुसराही.

"कॉरिनला... मुलं... आवडतात का?" बाई ओरडल्या.

"काय?"

"मुलं! मुलं!"

"फार आवडतात!"

"बरं झालं! नोलनलाही!"

असं किंचाळत माणसाला टोमणा मारता येत नाही. ओरडायचं म्हटलं की फक्त खरं आणि थोडक्यात बोलावं लागतं. पुढच्या पाऊण तासात त्या दोघांचं जेवढं बोलणं झालं तेवढं आधीच्या चाळीस वर्षांत झालं नव्हतं. नोलनचे आईबाप गेले ती रात्र बाईंनी ओरडून सांगितली. कॉरिन जन्मली तेव्हा आपण बस दवाखान्याच्या दारात नेली होती, हे डेल्मरने ओरडून सांगितलं. वाटेत त्यांनी होडीवाल्याला गाठलं. बाईंनी काच खाली करून त्याला हात केला.

एकला चार मिनिटं कमी असताना गाडी चर्चसमोर थांबली. आर्लीन पायऱ्यांवर हात चोळत उभी होती. लोमनबाई केस विस्कटलेल्या, गाल लाल झालेल्या अशा उतरल्या आणि तिच्याजवळून जाताना एवढंच म्हणाल्या, "तुझी मुलगी चांगली आहे." ते त्या अजून ओरडूनच बोलल्या, त्यामुळे आतल्या अगदी पुढच्या बाकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. नोलन उभा राहिला. लग्न लागलं.

गाडीने चर्चच्या दारातून झेप घ्यायची होती, ती घेतली. पण पाद्रीबुवा टोपी घालत नसत, हे रोलीच्या ध्यानात नव्हतं.

संध्याकाळी मेजवानी आटोपल्यावर डेल्मर बाईंजवळ गेला. "बाई, तुम्हाला घरी सोडायला रोलीची मोठी गाडी सांगितलीय. मऊ आहे, आवाज नाही. आणि आमच्या गाडीत सोमवारी ते छोटं चाक बदलतो. म्हणजे काटा अगदी बरोबर दाखवेल."

"खबरदार हात लावलास तर!" बाई कडाडल्या, आणि मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "अरे, जन्मभर मी एक कायदा मोडला नाही. काट्यावर शंभर बघायचे आणि पोलिसानं मागून नुसतं बघत राहायचं, असं या वयात पुन्हा कुठं मिळणार?"

आर्लीन कोट घालून पार्किंगमध्ये आली. पंधरा दिवसांचं जे काय बोलायचं राहिलं होतं ते ब्याण्णव मैलांत नवऱ्याला सुनवायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. तिने पॉन्टिअ‍ॅकचं पुढचं दार उघडलं. आत लोमनबाई बसल्या होत्या. टोपी पर्समध्ये होती आणि चष्मा काट्यावर.

"आर्लीन, तू मागं बस हं," बाई म्हणाल्या. "आणि काही बोलायचं असेल, तर आत्ताच बोलून घे."