निऱ्या मागे!

रविवारी सकाळी आमच्या शारजातल्या इमारतीची लिफ्ट उघडली आणि आत कडक इस्त्रीचा शर्ट, खाली हिरव्या-निळ्या चौकड्यांचा, घागऱ्यासारखा किल्ट आणि गुडघ्यापर्यंत मोजे चढवलेले गृहस्थ दिसले, तर दचकू नका. ते चौथ्या मजल्यावरचे टिपणीस. आठवडाभर जबल अली बंदरात जहाजांची कागदपत्रं तपासतात. "पॅन्ट पगारासाठी," ते म्हणतात, "रविवार माझा. खलास!"

एकदा मराठी मंडळाच्या कार्यक्रमालाही ते असेच आले. सेक्रेटरी कुलकर्णीबाईंनी दारातच विचारलं, "अहो टिपणीस, पॅन्ट वाळली नाही वाटतं?"

"पॅन्टला रजा दिलीय, बाई. आणि माझे आजोबा जन्मभर धोतरात वावरले. खालचा दुकानदार लुंगीत, समोरचे अरब शेजारी पायघोळ कंदुऱ्यात. दोन नळ्यांत पाय घातले नाहीत म्हणून यांच्यापैकी कुणाचं अडलंय?"

एवढं बोलून ते पहिल्या रांगेत बसले. मी टाळी वाजवली. इथेच चुकलो.

दुसऱ्या संध्याकाळी मापाचा टेप घेऊन टिपणीस आमच्या दारात. "या, स्वागत आहे तुमचं!" माझ्याच घरात माझं स्वागत! "पहिला किल्ट लोकरीचा घ्यायचा नाही. मी घेतला, जुलैत जिवंत शिजलो. तुम्हाला हलकं कापड. बांधायचा बेंबीवर, पोटाखाली नाही. लांबीसाठी गुडघे टेका. काठ जमिनीला जेमतेम शिवला पाहिजे."

मी गुडघे टेकले. तेवढ्यात बायको बाहेर आली. "लग्नात माझ्यापुढे मान वाकवली नाहीत, आणि यांच्यापुढे गुडघे?"

"वहिनी, तुमचंही माप घेऊ का?"

"आधी यांचं पोट मोजा. पुरेल का तेवढा टेप?"

आठवड्याने टेलरकडून किल्ट आला. मी ऐटीत नेसून टिपणीसांची बेल वाजवली. त्यांनी कपाळावर हात मारला. बायकोला तीस वर्षं साडीत पाहिलेला माणूस मी, निऱ्या पोटावर घेतल्या होत्या.

"मागे! निऱ्या मागे! फिरवा तो!" त्यांनीच मला भोवऱ्यासारखा फिरवला.

"पण टिपणीस, हे वेड तुम्हाला लागलं कुठून?"

ते माझ्या निऱ्या सारख्या करत राहिले. मी पाठमोरा, त्यामुळे चेहरा दिसेना.

"आमच्या समीरचं लग्न स्कॉटलंडला झालं. सून तिथलीच. मी तीन महिने आधी माझा किल्ट शिवून घेतला. व्हिसा वेळेत आला नाही. लग्न फोनवर पाहिलं, फोन टेबलावर टेकवून. निऱ्या चुरगळतील म्हणून दोन तास उभा होतो." त्यांनी एक निरी पुन्हा दाबून बसवली. "नंतर कळलं, त्यांना मी शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंतच दिसत होतो."

त्यांनी मला समोर वळवलं.

"शनिवारी दोघं येतायत. लग्नानंतर पहिल्यांदा. विमानतळावर एकटा उभा राहिलो, तर पोरगा म्हणेल, म्हातारा चळला. दोघं असलो, तर रिवाज वाटेल. याल?"

शनिवारी आम्ही दोघं विमानतळावर उभे होतो, निऱ्या मागे, छाती पुढे. लोक फोन काढून आमचे फोटो घेत होते. टिपणीस पुटपुटले, "बघू द्या. माना वर!"

समीर ट्रॉली ढकलत आला आणि वडिलांना पाहून जागीच थांबला. शेजारची लालसर केसांची मुलगी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मला वाटलं, मेलो.

टिपणीसांनी हात किंचित पसरले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. अख्खी.

समीरने ट्रॉली सोडली. "बाबा," तो म्हणाला, "वन्स मोअर."

टिपणीस पुन्हा फिरले. या वेळी अर्ध्यातच थांबले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ तसेच उभे राहिले. खांदे हलत होते. निऱ्या मात्र एकदम सरळ.