मुरवलेला किल्ट

टार्टनचे, म्हणजे घराण्याच्या चौकड्यांच्या कापडाचे, चार तुकडे टेबलावर मांडून टॉर्किल मॅकिन्विल सकाळपासून त्यांच्याकडे टक लावून बसला होता. समोरची लापशी एवढी घट्ट झाली होती की चमचा आधाराशिवाय उभा राहिला होता. चारही तुकड्यांवर पट्टे तेच, मॅकिन्विल घराण्याचे. लाल, हिरवा आणि मधून जाणारी निळी रेघ. अडलं होतं ते रंगाच्या छटेवर. एक गडद. दुसरा 'जुना', म्हणजे झाडपाल्याच्या रंगात बुडवल्यासारखा फिकट. तिसरा मवाळ, ना इकडचा ना तिकडचा. आणि चौथा 'मुरलेला', म्हणजे खापरपणजोबांचा किल्ट, तो स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार घागरा, दलदलीतून उकरून काढला तर कसा दिसेल, तसा मळकट तपकिरी.

"अरे, लग्न पोरीचं आहे," बायको रोना म्हणाली. "तुझ्या किल्टकडे कोण बघतंय?"

"मार्सली आत्या."

मार्सली आत्या म्हणजे नव्वदी ओलांडलेलं घराण्याचं सुप्रीम कोर्ट. मुलीला हात धरून चर्चमध्ये नेताना बापाच्या कमरेला आत्याच्या आजोबांच्याच रंगाचा किल्ट हवा, नाहीतर आपण दारातूनच परत जाऊ, असं तिने जाहीर केलं होतं. आणि आत्याआजी नसेल तर मीही दारातूनच परत, असं मुलीने, ईशबेलने, जाहीर केलं होतं. आजोबांचा मूळ किल्ट कसरीने कधीच फस्त केला होता. तो रंग आता उरला होता फक्त आत्याच्या डोळ्यांत, आणि त्या डोळ्यांत मोतीबिंदू होता.

टॉर्किल तुकडे घेऊन तिच्याकडे गेला. आत्याने एकेक तुकडा खिडकीशी धरला, हुंगला.

"हा गडद? पोस्टाच्या पेटीला नेसव."

"बरं. आणि हा जुना?"

"जुना कसला, धुवून धुवून विटलेला! आणि हा मवाळ परत कर. मवाळ माणसं आपल्यात नाहीत." मग ती मुरलेल्या तुकड्यावर थांबली. "हा जवळपास आलाय. पण मेल्याने पाऊस बघितलेला नाही."

"मग तुझ्या आजोबांचा होता तरी कसा, आत्या?"

"ओल्या शेवाळावर हरणाचं रक्त सांडावं, आणि वरून धुकं उतरावं. तसा!"

टॉर्किलने हे जसंच्या तसं किल्ट शिवणाऱ्या एफीला सांगितलं.

"गिरणीला असं कळवू?" एफी म्हणाली. "धुकं किती वार पाठवा म्हणू? हे बघ टॉर्किल, मुरलेला रंग विणून यायला उन्हाळा संपेल. तोवर तुझी पोर बाळंतपणाला माहेरी येईल. गडद कापड कपाटात तयार आहे. शिवू, का पँट घालून जातोस?"

पँट! पोरीच्या लग्नात! टॉर्किलने निमूटपणे गडद किल्ट शिवून घेतला आणि घरी येऊन चुलीपुढे डोकं धरून बसला. चुलीत पीट जळत होतं, घरामागच्या दलदलीतली माती कापून वाळवलेलं जळण. त्याच्याकडे बघता बघता त्याची ट्यूब पेटली. मुरलेला रंग म्हणजे काय? दलदलीत पडून आलेला. मग त्यासाठी गिरणी कशाला? दलदल तर परसातच आहे!

त्याने किल्ट पीटमध्ये पुरला आणि खुणेला काठी रोवली. त्या काठीवर मेंढ्यांनी अंग खाजवून घेतलं आणि ती आडवी झाली. पुढच्या आठवड्यात टॉर्किल फावडं घेऊन गेला, तर चहूकडे सारखीच काळी माती.

"काय शोधतोयस?" रोनाने कुंपणावरून विचारलं.

"पीट."

"पीटमध्ये उभा राहून?"

तेवढ्यात पलीकडून शेजारी मर्डोची आरोळी आली. त्याच्या फावड्याला कापड लागलं होतं. टॉर्किल चिखल तुडवत पोचला तेव्हा फावड्याने कापलेला अर्धा किल्ट त्याच्या पात्यावर लोंबत होता आणि मर्डो फोनवर संग्रहालयाशी बोलत होता.

"मर्डो, अरे ऐक, तो..."

"मला सापडलाय हं! तू मधे येऊ नकोस!"

दुपारपर्यंत संग्रहालयाच्या डॉक्टर पिंकर्टनबाई हातमोजे घालून हजर झाल्या. गावच्या हॉलमध्ये काचेखाली तुकडा मांडला गेला.

"अजून तपासणी व्हायची आहे," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "पण अशी छटा आज कोणालाही जमणार नाही."

"बाई, खरं सांगू का, तो किल्ट..." टॉर्किलने तोंड उघडलं.

"काचेवर श्वास सोडू नका!"

आणि काठी टेकत मार्सली आत्या आली. तिने काचेला नाक लावलं. आत्याच्या गालावरून टपकन थेंब ओघळला.

"हाच! हाच माझ्या आजोबांचा रंग! शेवाळ, रक्त, धुकं, सगळं आहे!"

टॉर्किलने तोंड मिटलं. आता खरं सांगणं म्हणजे म्हातारीच्या आजोबांना दुसऱ्यांदा पुरणं. पण आत्या एवढ्यावर थांबते कसली?

"आता कळला ना खरा रंग? मग आपल्यातला एकूणएक पुरुष लग्नाला याच रंगात दिसला पाहिजे!"

"आत्या, माझा किल्ट कोरा करकरीत आहे!" टॉर्किलचा धाकटा भाऊ लॅक्लन कळवळला.

"तेच तर म्हणतेय, गाढवा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्किल उरलेला अर्धा भाग गुपचूप उकरायला दलदलीत गेला. तिथे लॅक्लन उभा होता. हातात फावडं, काखेत बोचकं.

"काय रे?"

"पीट काढतोय. तू?"

"मीही."

थोड्या अंतरावर चुलतभाऊ पीट काढत होता. त्याच्यापलीकडे दोन्ही मेहुणे. सगळ्यांच्या काखेत बोचकी. कोणी कोणाकडे बघेना. धुकं मात्र झकास उतरलं होतं.

मॅकिन्विलांचा वंशपरंपरागत मेंदू एकच, त्यामुळे खुणेला प्रत्येकाने काठीच रोवली. आणि मेंढ्यांनाही तेवढंच हवं होतं.

लग्नाच्या दिवशी टॉर्किल ईशबेलचा हात धरून चर्चच्या पायऱ्या चढला. काळ्या पँटमध्ये. मागून लॅक्लन, चुलतभाऊ, मेहुणे. सगळे पँटमध्ये, माना खाली. दारात मार्सली आत्या काठी रोवून उभी, आणि शेजारी तिच्या खास आमंत्रणावरून आलेल्या डॉक्टर पिंकर्टनबाई, उत्साहाने लालबुंद.

"आजी, ऐकलंत का? काल दलदलीत आणखी तुकडे निघाले! जिथे खणावं तिथे तुमचंच टार्टन! मला तर वाटतं, तिथे मोठी लढाई झाली असणार. त्या दिवशी तुमच्या घराण्यातला एकही पुरुष उरला नसणार!"

आत्याने पायऱ्यांवरच्या पँटींच्या रांगेवरून नजर फिरवली, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"खरंय गं बाई," आत्या म्हणाली, "एकही उरला नाही." आणि टॉर्किलला काठीने बाजूला सारून तिने ईशबेलचा हात आपल्या हातात घेतला. "चल पोरी, मीच नेते तुला आत."